अंगणात फुलपाखरू येतं, मग काजवा काहून नाही?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक सहावीत आहे आणि शाळेत 'फुलपाखरू आणि काजवा' असा तुलनेचा तक्ता करून न्यायचा आहे. साम्याच्या रकान्यात सहा पाय, पंख, अंडी असं लिहून झालं. फरकाच्या रकान्यात एक दिवसा उडतं, दुसरा रात्री; एक रंगीत, दुसरा चमकतो. तिथे तुम्ही मायलेकी अडकलात. मग तिनेच विचारलं की नागपुरात मानेवाड्याच्या आपल्या अंगणात फुलपाखरं येतात, तर काजवे काहून येत नाहीत? आणि रामटेककडच्या मामाच्या वावरातून बाटलीत भरून आणले तर राहतील का?

बाटलीत आणलेले राहत नाहीत. मी करून पाहिलंय, ती फजिती पुढे सांगतो. पण का राहत नाहीत हे एकदा कळलं की तक्ता भरायला वेळ लागणार नाही, कारण हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

मी कोणत्या बाजूने बोलतोय ते आधी सांगतो. पंचवीस वर्षं काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांना मी कीडनियंत्रणाचा सल्ला देत आलो. म्हणजे फुलपाखराशी माझी पहिली ओळख शत्रू म्हणून झाली. त्याच्या अळ्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका, असं मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. काजव्यांची गोडी फार नंतरची. मौदा-रामटेककडे धानाच्या बांध्यांमधून रात्री फिरताना लागली आणि मग सुटलीच नाही.

तुमची अडचण मला अशी दिसते. तुम्ही दोन मोठ्या झालेल्या कीटकांची तुलना करताय. उडणारं फुलपाखरू आणि लुकलुकणारा काजवा ही दोघांच्या आयुष्याची अखेरची काही दिवसांची बाजू आहे. लग्नाच्या मांडवात दोन नवरदेव पाहून त्यांच्या घरांची तुलना करायला बसावं, तसं आहे ते. खरा फरक अळीच्या वयात आहे. लहानपणी कोण काय खातो आणि कुठे राहतो, एवढं लिहिलं की तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आलं.

दुसरी गोष्ट, 'फुलपाखरू' हा एक प्राणी नाही आणि 'काजवा'ही नाही. जगात फुलपाखरांच्या सतरा-अठरा हजार जाती आहेत आणि काजव्यांच्या दोन हजारांच्या वर. काही काजव्यांच्या माद्यांना पंखच नसतात, त्या जन्मभर अळीसारख्याच दिसतात. काही काजव्यांचं प्रौढ दिवसा फिरतं आणि त्याला धड दिवाही नसतो. म्हणून 'सगळी फुलपाखरं अशी' किंवा 'सगळे काजवे तसे' असं लिहिलं की तक्ता चुकतो. एकेक जात घ्या. फुलपाखरांत लिंबाचं फुलपाखरू घ्या, कारण नागपुरात त्याच्याइतकं हाताशी दुसरं नाही. त्याचं शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलिअस. काजव्यांत आपल्याकडे धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दिसणारा छोटा, तपकिरी-पिवळट, बोटाच्या नखाएवढा काजवा घ्या. मी पुढे या दोघांबद्दलच बोलतो, दुसऱ्या जातींचं आलं तर तसं सांगेन.

आता लिंबाचं फुलपाखरू. काळे पंख, त्यावर फिक्कट पिवळे ठिपके-पट्टे, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल डाग. याच्या कुळातल्या कित्येकांना मागे शेपटी असते, याला नसते. तुमच्या कुंडीत गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, असेल तर पावसाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास लक्ष ठेवा. मादी येते ती फुलावर बसत नाही. कोवळ्या पानांवर फडफडत एकेका पानाला पुढच्या पायांनी टपटप मारत जाते. ती पान चाखत असते. तिच्या पायांच्या टोकांना चव कळते. लिंबू, संत्रा, गोडलिंब, बेल ही एकाच कुळातली झाडं, आणि त्या कुळाची चव लागली तरच ती पोटाचं टोक वाकवून एक अंडं चिकटवते. मोहरीपेक्षाही लहान, फिक्कट पिवळं, गोल. एका जागी एकच. मग पुढचं पान.

तीन-चार दिवसांत अळी निघते. आता इथे मला एक गोष्ट आठवते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी काटोलच्या पुढच्या एका गावात गेलो होतो. जंबेरीची रोपं होती, संत्र्याचं कलम बांधायच्या आधीची, वीतभर उंचीची. मालक म्हणाला, "साहेब, चिमण्या हगून हगून रोपं खराब करून राहिल्या. बाया लावून धुऊन काढू का?" मी वाकून पाहिलं तर ती विष्ठा पान खात होती. तपकिरी-काळी, मधे पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. अगदी हुबेहूब. पक्षी स्वतःची विष्ठा कशाला खाईल? ते सोंग अळीला पहिले दहा-बारा दिवस पुरतं. मग ती मोठी होते आणि विष्ठेएवढी राहत नाही, तेव्हा शेवटची कात टाकून एकदम हिरवी होते, अंगावर तपकिरी तिरप्या पट्ट्या. आता ती पानात लपते.

तरी कुणी गाठलंच तर आणखी एक हत्यार आहे. अळीच्या डोक्यामागे हलकेच काडी लावा. नारिंगी रंगाची दोन शिंगं पुच्चकन बाहेर येतात आणि लिंबाच्या सालीत काहीतरी आंबलेलं मिसळावं तसा वास सुटतो. लेकीला हे एकदा जरूर दाखवा, पण एकदाच. दरवेळी शिंगं काढायला लावली की अळीचं खाणं राहतं. या वासाने मुंग्या आणि छोटे शिकारी मागे सरतात. बुलबुलाला मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही, असं मी माझ्याच गच्चीवर पाहिलंय.

ऑगस्टमध्ये माझ्याकडे अळीचे दोन-अडीच आठवडे, मग कोषाचे आठ-दहा दिवस, असा महिनाभरात कारभार आटोपतो. थंडीत हेच लांबतं. कोष काडीला रेशमाचा पट्टा बांधून तिरपा टेकलेला असतो, खांबावर चढणाऱ्या लाइनमनच्या कमरपट्ट्यासारखा. हिरव्या फांदीवर असेल तर हिरवा, खरबरीत खोडावर किंवा भिंतीवर असेल तर बहुधा तपकिरी. बाहेर यायच्या आदल्या दिवशी आतल्या पंखांची नक्षी सालीतून दिसते. आणि बाहेर आल्यावर एक गढूळ थेंब गळतो. तो पाहून रक्त आलं म्हणून घाबरून मला फोन करणारे लोक आहेत. काही नाही, कोषात साठलेला मळ आहे तो.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा. या फुलपाखराचं सगळं बालपण एका झाडाच्या काही पानांवर जातं. झाड मिळालं की घर मिळालं. ते झाड कुंडीत मावतं.

आता काजव्याकडे वळू. आधी नावाचा घोळ. इंग्रजीत त्याला फायरफ्लाय म्हणजे माशी म्हणतात, पण तो भुंगेऱ्यांच्या गणातला. शेणकिडा, ढालकिडा यांचा भाऊबंद. त्याचे पुढचे दोन पंख झाकणासारखे असतात, उडतो तो मागच्या पातळ पंखांनी. मानेवर ढाल असते, वरून पाहिलं तर डोकं तिच्याखाली दडलेलं. नराचे डोळे अंगाच्या मानाने मोठे. का मोठे, ते पुढे येतं.

पण काजव्याचं खरं आयुष्य जमिनीवर आहे, आणि ते शिकाऱ्याचं आहे. मादी ओलसर मातीत, शेवाळात, गवताच्या मुळाशी अंडी घालते. निघालेली अळी पान खात नाही. ती गोगलगाय खाते, गांडुळाच्या मागे लागते. मौद्याकडे एका बांधीच्या धुऱ्यावर टॉर्च विझवून बसलो होतो, तेव्हा गवतात दोन हिरवट ठिपके दिसले, न लुकलुकणारे, मंद. वाकून पाहिलं तर बोटाच्या पेराएवढी चपटी, काळपट अळी, पाठीवर एकावर एक पट्ट्या, जुन्या चिलखतासारख्या. डोकं गोगलगायीच्या शंखात पार खांद्यापर्यंत खुपसलेलं. तिचे जबडे वाकडे आणि आतून पोकळ असतात. त्यातून ती आधी रस सोडते, त्याने गोगलगाय लुळी पडते आणि मांस विरघळायला लागतं, मग ते ओढून पिते. गोगलगायीच्या चिकट मागावरून ती तिच्यापर्यंत पोचते. अर्धा तास बसलो, ती अळी शंखातून बाहेर आली नाही.

हे बालपण काही महिने ते वर्षभर, जातीनुसार त्याहूनही जास्त चालतं. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसवर तापतं आणि काळ्या मातीला भेगा पडतात, तेव्हा या अळ्या ओलाव्याच्या मागे खाली कुठेतरी असतात. कोषही मातीतच. मृगाचा पाऊस दोन-तीनदा चांगला पडून गेला की मग ते उडणारे दिवे बाहेर येतात, आणि ते दोन-तीन आठवड्यांत संपतात. कित्येक जातींचे प्रौढ काही खातही नाहीत. अळीच्या वयात खाल्लेल्या गोगलगायींवर हा सगळा दिव्यांचा थाट चालतो, असं मी पोरांना सांगतो. त्यांना ते फार आवडतं.

तुमच्या लेकीला इथे एक प्रश्न पडेल: अळीला दिवा कशाला? तिला तर जोडीदार शोधायचा नाही. बरोबर. तो दिवा पाटीसारखा आहे, 'मला खाऊ नका' अशी. अनेक काजव्यांच्या अंगात भेकाच्या कातडीतल्या विषाच्या जातीचं कडू रसायन असतं. एकदा तोंड पोळलेला प्राणी पुन्हा त्या उजेडाच्या वाटेला जात नाही. पुढे मोठेपणी तोच दिवा लग्न जमवायला वापरला. हातात काजवा धरलात तर नंतर हात धुवा, तेवढ्याचसाठी.

प्रौढ काजव्याचा दिवा पोटाच्या खालच्या बाजूला, शेवटच्या खंडांवर. आपल्या धुऱ्यावरच्या जातीत नराला दोन खंड उजळतात, मादीला एक. भिंगातून पाहिलं तर दिवसा ते खंड फिक्कट पांढुरके दिसतात. तिथल्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो आणि ल्युसिफरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. शरीराची ऊर्जा साठवणारा एटीपी आणि ऑक्सिजन त्यांना मिळाले की उजेड पडतो. काजव्याला फुप्फुस नसतं, बारीक नळ्यांतून हवा थेट पेशींपर्यंत जाते, आणि तो नसांच्या हुकमाने दिवा लावतो-विझवतो. पेशींच्या मागे युरिक आम्लाच्या कणांचा पांढरा थर असतो, तो टॉर्चमधल्या चकाकत्या वाटीचं काम करतो.

उजेड थंड असतो हे पुस्तकात असेलच. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णता होऊन जातो. काजवा हातावर ठेवला तर कोमटही लागत नाही. पण 'शंभर टक्के ऊर्जेचा उजेड होतो' असं कुठे सापडलं तर तक्त्यात उतरवू नका. ल्युसिफेरिनच्या शंभर रेणूंमागे ८८ प्रकाशकण निघतात, असा आकडा कित्येक वर्षं चालायचा. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी नव्याने मोजलं, तर शंभर रेणूंमागे साधारण ४१ प्रकाशकण निघाले. तरीही रासायनिक उजेडात हा आकडा मोठाच आहे. जाता जाता, हेच विकर आज स्वच्छता तपासायला वापरतात. अन्नाच्या कारखान्यात ओट्यावरून बोळा फिरवून त्यावर हे रसायन टाकतात. अन्नाचा किंवा जंतूंचा अंश राहिला असेल तर त्यातल्या एटीपीमुळे चमक येते आणि यंत्र ती मोजतं. मुलीला सांगा, गुरुजी खूश होतील.

साम्याचा रकाना मी थोडक्यात उरकतो. सहा पाय, तीन भागांचं शरीर, दोन मिशा, हे कोणत्याही दोन कीटकांत सापडतं, त्यात मोठं काही नाही. लिहिण्यासारखं साम्य एकच: दोघंही अंडं, अळी, कोष, प्रौढ या चारही पायऱ्या चढतात. टोळाला, झुरळाला कोष नसतो, त्यांचं पिल्लू लहान आकाराचं टोळ-झुरळच असतं. फुलपाखरू आणि भुंगेरा यांच्या वाटा तीसेक कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, पण कोषाची युक्ती दोघांना एकाच पूर्वजाकडून आली. त्या युक्तीचा फायदा असा की मायबाप आणि लेकरं एकाच ताटात जेवत नाहीत. अळीचं खाणं निराळं, प्रौढाचं निराळं. फुलपाखरू मध पितं, पावसाळ्यात नर ओल्या चिखलावर बसून क्षार शोषतात. काजव्याचं वर सांगितलंच.

आणखी एक साम्य तक्त्यांत फारसं कुणी लिहीत नाही. फुलपाखराचा रंग आणि काजव्याचा दिवा, दोन्ही निरोप आहेत. पंखावर बोट लागलं की जी पूड येते ते बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक रचलेले, रंग त्यांतच असतो. तो रंग दुसऱ्या फुलपाखराला दिसायला ऊन लागतं. शिवाय फुलपाखराला अंग तापल्याशिवाय उडता येत नाही. डिसेंबरात सकाळी अंबाझरीच्या काठावर जा, आठ वाजता ते पंख पसरून नुसतं ऊन खात बसलेलं दिसेल. काजव्याचा निरोप वाचायला याच्या उलट काळोख लागतो. नर उडता उडता आपल्या जातीच्या ठेक्यात लुकलुकतो, गवतात बसलेली मादी ठरावीक अंतराने एकदाच उत्तर देते. ते उत्तर हेरायला त्याचे डोळे मोठे. तिचा दिवा एका खंडाचा, लहानसा. समोर रस्त्याचा दिवा असेल तर तो त्यात बुडून जातो.

आता माझी फजिती. बारा-तेरा वर्षं झाली असतील. रामटेककडच्या एका मित्राच्या वावरातून मी तीसेक काजवे आणले. डब्याला भोकं पाडली, ओलं गवत घातलं, सगळं शास्त्रशुद्ध. प्रतापनगरला घरामागे मोगऱ्याच्या वाफ्याजवळ रात्री नऊला सोडले. शेजारचे काका खुर्ची घेऊन आले होते. पहिल्या रात्री सात-आठ लुकलुकले. दुसऱ्या रात्री एक. तिसऱ्या रात्री काकांनी खुर्ची आणली नाही. सकाळी पाहिलं तर चार डब्यातच मेलेले, दोन कोळ्याच्या जाळ्यात. मेलेल्यांचं पोट भिंगाखाली धरलं तर सहाच्या सहा नर. अर्थातच, उडताना दिसतात आणि हाती लागतात ते नरच. म्हणजे मी अख्खी वरात पळवून आणली होती, नवऱ्या तिकडे धुऱ्यावर बसून राहिल्या. त्या वावरात पुढच्या साली तेवढी पिल्लं कमी झाली असणार, हे मला नंतर सुचलं. तेव्हापासून मी काजवा डब्यात घालत नाही, दुसऱ्यालाही घालू देत नाही.

काका तेव्हा म्हणाले होते, "दिव्यावर किडे येतात ना, मग काजवे का नाही येत?" पुष्कळांना असं वाटतं. दिव्यावर येतात ते पतंग, पावसाळी किडे, पंखवाल्या मुंग्या, वाळव्या. काजव्यांच्या बहुतेक जाती उजेडापासून दूरच राहतात, किंवा उजेडात असल्या तरी लुकलुकणं सोडतात.

तर मानेवाड्यात का नाहीत, याचं उत्तर असं. अळीला ओली, मोकळी माती हवी. आपल्याकडे रस्ते सिमेंटचे, अंगणं फरशीची, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. पालापाचोळा आपण झाडून जाळतो, त्याखालच्या गोगलगायी जातात. डासांसाठी धूर, मुंग्यांसाठी पावडर, बागेत गोगलगायींसाठी विषाच्या गोळ्या. मग उजेड. पूर्वीचे पिवळे दिवे जाऊन पांढरे लख्ख एलईडी आले, त्यात घराघरांचे फाटकावरचे दिवे रात्रभर. यातलं कोणतं कारण तुमच्या गल्लीत सगळ्यात मोठं, ते मी इथून सांगू शकत नाही. जवळ नाला आहे का, मोकळा प्लॉट आहे का, तुमचं अंगण मातीचं आहे की गच्चीच आहे, यावर ते ठरतं. पण फुलपाखराला यातल्या निम्म्या गोष्टींचं सोयरसुतक नाही. रस्त्याचा दिवा लागतो तेव्हा ते पानाखाली झोपलेलं असतं. सिमेंटच्या गल्लीतही एका कुंडीत गोडलिंब हिरवा असेल तर मादी वास काढत येते. शिवाय ती उडत येते. काजव्यांच्या कित्येक जातींची मादी लांब उडत नाही, काहींची उडतच नाही. एकदा एखाद्या वस्तीतून काजवे गेले की पुन्हा चालत यायला वर्षं लागतात, आणि मधे चार पदरी रस्ता असला तर तेही नाही.

म्हणून फुलपाखरू बोलावता येतं. काजवा बोलावता येत नाही, असेल तिथे त्याला फक्त राहू देता येतं. तक्त्याच्या खाली हेच एक वाक्य लिहिलं तरी चालेल, तिच्या शब्दांत.

करायचंच असेल तर दोन कुंड्या आणा, एक गोडलिंब, एक कागदी लिंबू. नर्सरीतून आणलेल्या रोपावर औषध मारलेलं असू शकतं, त्यामुळे पहिली पालवी झडून नवी फुटेपर्यंत अळ्या मेल्या तर वाईट वाटून घेऊ नका. जून-जुलैत नवी पालवी फुटते तेव्हा अंडी हमखास. एका हातभर रोपावर तीन-चार मोठ्या अळ्या म्हणजे रोप बोडकं, तेव्हा जास्तीच्या अळ्या बेलाच्या किंवा शेजाऱ्याच्या लिंबाच्या झाडावर सोडा. शेजाऱ्याला विचारून. माझ्या जुन्या धंद्यातला कुणी हे वाचत असेल तर हसेल, पण रोपवाटिकेतली हजार रोपं आणि अंगणातली दोन यांचा हिशेब वेगळा आहे. मोठं झालेलं संत्र्याचं झाडसुद्धा या अळ्या सहज सोसतं, मार बसतो तो लहान रोपांना.

काजव्यांसाठी, जमीन असेल तर एक कोपरा झाडू नका, तिथे दिवा लावू नका, पाचोळा ओला राहू द्या. येतील असं वचन देत नाही. बेसा-हिंगण्याच्या पलीकडे, शेतं आणि नाले अजून शाबूत आहेत तिथे हा कोपरा कामाला येतो. मानेवाड्याच्या मध्यावर मी पैज लावणार नाही.

दाखवायचे मात्र नक्की दाखवा. मामाचं वावर आहेच, तेच उत्तम. नसेल जमत तर मनसरच्या पुढे पेंचकडे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला आणि आशियातला पाचवा. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या भागांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी बदलून खाली वळवले. हे झालं तारे पाहणाऱ्यांसाठी, पण काळोख काही ताऱ्यांपुरता नसतो. पावसाळ्यात रात्री जंगलात जायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या; गावाच्या शिवारात, ओळखीच्या माणसासोबत बसायला तेवढी कटकट नाही. भंडारदऱ्याकडचे झाडभर लुकलुकणारे काजवे पाहून तेच इथे शोधू नका. आपल्याकडे ते धुऱ्याच्या उंचीवर, विखुरलेले असतात.

जाताना अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे जा. गाडीचे दिवे विझवा, मोबाइल खिशात. टॉर्चवर संक्रांतीचा उरलेला लाल पतंगी कागद दोन-तीन पदरी बांधा आणि पायाखाली पाहण्यापुरताच लावा, साप आणि विंचू यांच्यासाठी. पायात बूट हवेत. मग वीस मिनिटं गप्प बसा. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि पोरं पहिल्या पाच मिनिटांत "कुठे आहेत, कुठे आहेत" करतात. गवतात शिरू नका, मादी तिथेच बसलेली असते.

शेवटी, गोडलिंबावर अळी सापडली की ती लिंबाच्या फुलपाखराचीच असेल असं समजू नका. कॉमन मॉर्मन नावाचं त्याचं भावंडही याच झाडावर अंडी घालतं, आणि तीही अळी लहानपणी विष्ठेचंच सोंग घेते. मोठी झाल्यावरही दोघींत मला स्वतःला कधी कधी घोटाळा होतो. अळीला झाडावरच राहू द्या, हवं तर फांदीभोवती जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सैल बांधा म्हणजे बुलबुल नेणार नाही, आणि कोष झाल्यावर तारीख वहीत लिहून ठेवायला सांगा. बाहेर आलेल्याला मागे शेपटी असेल तर मॉर्मन, नसेल तर आपलं लिंबाचं.